मठ्ठ यंत्रांचे गुरुजी

माणूस दुकानात गेला की विचारतो, या वस्तूनं काय काय होतं? आमचे भाडेकरू गुरुजी विचारायचे, हिच्यानं काय काय होत नाही? दुकानदार जितकं जास्त नाही-नाही म्हणेल तितका यांचा चेहरा खुलायचा. हे मी स्वतः उभं राहून पाहिलेलं आहे. ऐकीव मी लिहीत नाही.

मी चौथी शिकलो. पुढं मी शाळेला सोडलं की शाळेनं मला, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. पण जन्म बैलांच्या व्यापारात गेला. आमच्याकडं या धंद्याच्या माणसाला हेडी म्हणतात, आणि बैल पारखण्यात शहाद्यापासून नवापूरपर्यंत माझा हात धरणारा हेडी नव्हता. आता लोक ट्रॅक्टर घेतात. त्यामुळं ब्राह्मणपुरीत माझा गोठाही रिकामा आणि मीही. मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या, तिथं हे आले.

तालुक्याच्या शाळेतून रिटायर झालेले, लग्न न केलेले. मूळचे नवापूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकरी घरातले. त्यांची घरची बोली वेगळी. आमची अहिराणी त्यांना समजायची, पण बोलायचे पुस्तकातली मराठी. सकाळी ओट्यावर येऊन म्हणायचे, "आबा, आपला चहा झाला का?" सुरुवातीला मी मागं वळून पाहायचो, मला वाटायचं माझ्या पाठीमागं तहसीलदार उभा आहे.

मास्तर लोक खिशाला पेन लावतात, हे पेचकस लावायचे. आणि वस्तू बंद पडण्याची वाट पाहत नसत. माझं भिंतीवरचं घड्याळ नीट चालू होतं, ते त्यांनी उघडलं.

"गुरुजी, चालू शे ना ते! कसाले खोली ऱ्हायनात?"

"चालू आहे तोवर उघडून बघावं, आबा. बंद पडल्यावर उघडणं म्हणजे पोस्टमार्टेम."

घड्याळ परत भिंतीवर गेलं, दोन स्क्रू ताटलीत उरले. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "हे जास्तीचे होते." घड्याळ अजून चालतं.

आमच्या गावच्या हायस्कुलात कंप्युटर नव्हते असं नाही. चांगले नवे कोरे होते, कुलपात. दसऱ्याला कुलूप उघडायचं, एकेकाला हळदकुंकू लावायचं, फूल ठेवायचं, पाणी उडू नये म्हणून नारळ बाहेर फोडायचा, आणि परत कुलूप. हेडसर म्हणायचे, "एखादा बिघडला तर जबाबदारी कोणाची?" यात मला काही चूक वाटत नव्हती. मीसुद्धा माझा चांगला बैल कधी कोणाच्या नांगराला दिला नाही.

गुरुजींना मात्र ते सहन व्हायचं नाही. म्हणायचे, "ज्याला कुलूप लागतं त्याच्यावर मूल शिकत नाही. आणि यंत्र नेहमी मुलापेक्षा मठ्ठ पाहिजे. हातातला मोबाइल मुलापेक्षा हुशार आहे, म्हणून मुलाला काही करावंच लागत नाही." इथपर्यंत मी मान डोलवायचो. पुढं म्हणायचे, "आणि ते विसरभोळं पाहिजे." इथं मी मान थांबवायचो.

मग त्यांनीच सांगितलं. फार पूर्वी घरात वापरायचे छोटे कंप्युटर निघाले होते. नुसती बटणांची पाटी, ती टीव्हीला जोडायची. चालू केली की कोरा पडदा आणि एक ठिपका लुकलुकतो, बस. तुम्ही जे लिहाल तेवढंच ते करणार, आणि लाइट गेली की लिहिलेलं सगळं विसरून जाणार. नवसारीकडची कितीतरी घरं विलायतेला गेली. त्यांच्या पोरांची ही खेळणी सामानात परत आली आणि माळ्यावर पडली. आता म्हातारे वारले, घरं विकली, की ती सुरतेच्या जुन्या बाजारात येतात, भंगाराच्या भावानं. गुरुजींना हे कसं कळलं ते मला माहीत नाही. पेचकसवाल्यांची आपसात एक भावकी असते.

"आबा, आपण जन्मभर म्हातारे बैल पारखलेत," ते म्हणाले. "आता गावच्या मुलांसाठी म्हातारी यंत्रं पारखायला चला."

असं मानानं बोलावल्यावर नाही कसं म्हणणार? नंदुरबारहून आम्ही सुरतेची गाडी धरली.

व्यापारी तरुण पोरगा होता, गुजराती. त्यानं आधी चकचकीत लॅपटॉप मांडले. "काका, आमां बधुं छे. पिक्चर, गेम, इंटरनेट. बधुं याद राखे."

"सगळं लक्षात ठेवतो?" गुरुजींचा चेहरा उतरला. "मग नको."

पोरानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. बाजारात सोबतचा माणूस येडेपणा करायला लागला की हेडीनं छताकडं पाहायचं असतं. शेवटी पोरानं वैतागून कोपऱ्यातल्या ढिगाकडं हात केला, "पेलो तो कचरो छे, काका."

"हाच!" गुरुजी उठलेच. "हाच दाखवा."

त्यांची पारख अशी. एकेक पाटी टीव्हीला जोडायची. दोन शब्द लिहायचे. ते दिसले की खटकन वायर उपटायची, परत लावायची. पडदा कोरा आला की म्हणायचे, "वा! याला काहीच आठवत नाही." दुकानातले हमाल जमा झाले. घरातला म्हातारा विसरायला लागला तर माणसं त्याला डॉक्टरकडं नेतात, आणि हे त्याची पाठ थोपटत होते. मग पाटी उलटी करून स्क्रू शोधायचे. चिकटवलेली असली की बाजूला. "हिचं तोंड शिवलंय, आबा. ही मुलांशी काय बोलणार?"

मी माझी पारख लावली. बैलाचे दात पाहतात तशी बटणं पाहिली. ज्याची अक्षरं घासून गेलेली, तो कामाला जुंपलेला बैल. ज्याची बटणं नवीच्या नवी, तो बसून खाल्लेला. असल्या बसलेल्याला कधी घेऊ नये. गुरुजी म्हणाले, "आबा, हे मला सुचलं नव्हतं." दुसरं कोणी हे लिहिणार नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतो.

सौदा माझ्याकडं होता. मी रुमाल काढला, व्यापाऱ्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. बैलाचा भाव असाच बोटांवर होतो, चारचौघांत बोलून नाही. पोरानं चटका बसल्यासारखा हात ओढला. "काका, शूं करो छो?" गल्ल्यावरचा त्याचा म्हातारा बाप मात्र हसत हसत उठला आणि त्यानं आपला हात रुमालाखाली घातला. कोणी एक शब्द बोललं नाही आणि सौदा झाला. गुरुजी टक लावून पाहत होते. म्हणाले, "आबा, हीसुद्धा बटणंच की!"

मग ते चहा प्यायला गेले तेव्हा मी माल नीट पाहिला. सगळ्या काळ्या पाट्या, एकच पांढरी. माझ्या डोळ्याला ते खुपलं. ढिगात एक काळी उरली होती, ती घेतली आणि पांढरी ठेवून दिली. घरी आल्यावर जोडून पाहतो तर ती काळी मुकी. ठिपकासुद्धा नाही.

"आबा, पांढरं यंत्र कुठं गेलं?"

"बदली टाकं. जोड लागत नव्हता."

"जोड?"

"मंग! बठ्ठा काया आन एक धवळा? लोके हसतीन, गुरुजी."

यावर ते असे हसले की ओट्याचा खांब धरावा लागला. ती मुकी पाटी त्यांनी शाळेच्या टेबलावर आडवी उघडून ठेवली. पोरं पहिल्या दिवसापासून तिच्या पोटात बोटं घालायला शिकली. चालू यंत्र असं कोणी उघडू दिलं असतं का? तरी गावात म्हणतात की आबा फसला. आता फसला कोण आणि पारखलं कोणी, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

हेडसरांनी वर्गामागची एक रिकामी खोली दिली. ही यंत्रं सरकारी नव्हती, गुरुजींची होती, म्हणून जबाबदारी कोणाची हा प्रश्नच नव्हता. टीव्हीला तोटा नव्हता. घरोघरी चपटे आल्यापासून जुने डबे टीव्ही कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले होते, लोकांनी पुण्य म्हणून आणून दिले. पण सुरुवातच वाईट झाली. तिचा दोष मी आमच्या घरातलीवर टाकणार नाही, जरी तो तिचाच आहे.

गुरुजींनी पाट्यांची सगळी बटणं उपटली, साबणानं धुतली आणि गच्चीवर कापडावर वाळत घातली. आमची मंडळी वरून ओरडली, "ओ गुर्जी, ह्या काय वड्या शेतस का? कावळा एक लई गया!" तिनं दया येऊन ती बटणं गोळा केली आणि ज्या कापडावर लाल मिरच्या वाळत होत्या त्याच्या कडेला पसरून दिली. तिथं ती स्वतः राखण बसायची, म्हणजे कावळ्याची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला. पोरांनी मन लावून बटणं दाबली, आणि मन लावून दाबलं की माणूस डोळे चोळतो. थोड्या वेळानं सगळा वर्ग रडत होता.

"गुर्जी, डोया झोंबी ऱ्हायनात!"

"ओ माय वं! माले दिसी नही ऱ्हायनं!"

गावभर झालं की जुन्या टीव्हीतून किरणं निघतात. आयाबाया शाळेवर आल्या. हेडसर फाटकापाशी घाम पुसत उभे. गुरुजींनी काय करावं? ते प्रत्येक बाईला पुस्तकातल्या मराठीत किरण म्हणजे काय ते समजावत बसले, आणि ते जितकं नीट समजावत तितकी बाई घाबरत जाई. शेवटी मी एक बटण उचललं, चाटलं आणि म्हटलं, "किरणं नही, मिरची शे हाई. तुम्हीन चाखी पहा." एका म्हातारीनं चाखलं. म्हणाली, "तिखट शे, पन जुनी शे." मिरचीत आमच्या गावाला कोणी फसवू शकत नाही. वर्ग वाचला.

पोरं काय शिकली, ते मला नीट सांगता येणार नाही. ओळी लिहायची, इंग्रजी अक्षरात. प्रत्येक ओळीला आकडा, दहा, वीस, तीस. मी विचारलं, एक, दोन, तीन का नाही? गुरुजी म्हणाले, मागून काही सुचलं तर मधे जागा हवी. हे मला लगेच पटलं. आमच्या बापानं वाटणी करताना एवढा विचार केला असता तर दोन भावांचं बोलणं बंद झालं नसतं. एका पोरीनं यंत्राला पाढे विचारायला शिकवलं. उत्तर चुकलं की पडद्यावर यायचं, "येडा शे का?" इतकी वर्षं आमच्यात राहून गुरुजींच्या तोंडी अहिराणी आली नाही, त्यांच्या यंत्राच्या आली. ते सगळ्यांना बोलावून दाखवत होते.

आणि लाइट जायची. आमच्याकडं ती जातेच. पहिल्यांदा गेली तेव्हा पोरांचं सगळं लिहिलेलं पुसलं, दोन-तीन पोरं खरोखर रडली, तेही मिरचीशिवाय. गुरुजी शांत. "यंत्र विसरलं. तुम्ही विसरलात का?" पोरं एकमेकांकडं पाहायला लागली. मग एकानं धीर करून दहाची ओळ म्हटली, दुसऱ्यानं वीसची. लाइट येईपर्यंत म्हणत राहिली, विसरू नये म्हणून. तेव्हापासून रिवाजच पडला. लाइट गेली की खोलीत गलका. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं भजन चाललंय.

मग पुण्याचा साहेब आला. दाढीवाला, गाडीतून. जुनी यंत्रं जमवायचा त्याला नाद. गावातल्या कोणीतरी मोबाइलवर फोटो टाकला होता, तो पाहून आला. आत शिरला आणि पाट्यांसमोर असा उभा राहिला जसा मी ऐन उमेदीतल्या खिल्लारी जोडीसमोर उभा राहायचो.

"गुरुजी, माझ्या लहानपणी हे माझ्या मामाकडं होतं हो! अशी मिळत नाहीत आता. एका पाटीला एक नवा लॅपटॉप देतो, बॉक्समधला. सगळ्या द्या."

मी हेडी माणूस. म्हाताऱ्या बैलाच्या बदली ऐन तरणा बैल, वर एक पैसा नाही! माझ्या आजानंसुद्धा असा सौदा ऐकला नसेल. हेडसरांचा चेहरा उजळला. मी गुरुजींना कोपरानं ढोसलं.

गुरुजींनी विचारलं, "आपण नेऊन काय कराल यांचं?"

"काचेच्या कपाटात ठेवणार. धूळ लागू देणार नाही."

"आणि मुलं?"

"मुलांना लॅपटॉप येतील ना!"

गुरुजींनी हेडसरांकडं पाहिलं. "ते कुठं राहतील, सर?"

हेडसर म्हणाले, "सुरक्षित राहतील. त्याची काळजी नको."

"मग नको," गुरुजी म्हणाले. तोच आवाज, सुरतेचा.

साहेब निघून गेला. मी गुरुजींशी बोलणं बंद केलं. चहा पाठवायचो, बोलायचो नाही. तिकडं हेडसरांनी खोली परत मागितली, वर्ग वाढले म्हणून. वर्ग वाढलेले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते माझ्या ओट्यावर येऊन बसले, मी गुरुजींना समजावून सांगावं म्हणून.

"आबा, स्पष्ट बोलतो. तुमचा भाडेकरू वेडा आहे."

मी हे स्वतः गावात शंभरदा बोललेलो होतो. पण ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, दुसऱ्यानं बोलावं?

"येडा शे," मी म्हटलं. "पन मन्हा भाडेकरू शे. आन मन्हा गोठा रिकामा शे."

त्याच आठवड्यात गोठ्यात वायर ओढली. गव्हाणीवर फळ्या टाकल्या, त्यावर टीव्ही. पोरं शाळा सुटल्यावर यायला लागली. गुरुजींनी आभार मानायला तोंड उघडलं तेव्हा मी सांगितलं, "हाऊ सौदा तुम्हीन बिघाडा. गोठा दिधा म्हनीसन मी ते भूली जासू, असं समजू नका."

"नाही समजणार," ते म्हणाले. "आपण विसरत नाही, आबा. आपल्यावर कोणी शिकू शकणार नाही."

याचा राग यावा की काय, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मागच्या साली त्यांचं पोट दुखायला लागलं. बहिणीकडं डोंगरात गेले, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि तिथंच गेले. मातीला मी जाऊन आलो. त्यांचा भाचा म्हणाला, "मामा सांगून गेले, यंत्रांचं काय ते आबा ठरवतील." माझ्यावर टाकून गेला माणूस. मी या सौद्याच्या बाजूचा होतो, हे पक्कं ठाऊक असूनसुद्धा.

बातमी पुण्याला पोचली असणार. साहेब परत आला, हेडसरांना घेऊनच. आता नाही म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. गोठ्यात मोठी पोरं लहान्यांना शिकवत होती. साहेब म्हणाला, "काका, तोच शब्द आहे. एकाला एक."

मी म्हटलं, आज अमावास्या आहे, अमावास्येला आम्ही सौदा करत नाही. पुढं त्याचा फोन आला, तेव्हा पितृपक्ष होता. मग कापूस वेचणीला आला होता. मग त्यानं स्वतः होऊन एकाला दीड केला. गावात म्हणतात, आबाला गुरुजींची हवा लागली. साफ खोटं आहे. मी हेडी आहे. गिऱ्हाईक स्वतः चढतंय तोवर दावं सोडू नये, एवढंच मी करतोय. योग्य भाव आला की त्याच दिवशी देऊन टाकणार.

परवा दुपारी त्याचा परत फोन आला. मी गोठ्याच्या दारात बाजेवर बसलो होतो.

"काका, एकाला दोन. आता तरी हो म्हणा."

तेवढ्यात लाइट गेली आणि आत गलका सुरू झाला. दहा, वीस, तीस. मला काही ऐकू येईना.

"मोठ्यानं बोला," मी ओरडलो, "इथं लाइट गेली!"

"लाइट गेली तर ऐकू कसं येत नाही, काका?"

मी फोन खिशात टाकला. आत पोरं चाळीसच्या ओळीवर अडली होती, एकमेकांची तोंडं पाहत. ती ओळ मला येत होती. मी सांगितली.